अंड्याचा कुस्करा

सरूबाईंनी तिसरं अंडं कढईच्या काठावर आपटलं आणि टरफलाचा एक कपचा आत पडला. जीभ चावत त्यांनी तो चमच्याच्या टोकानं बाहेर ओढला. खाली कांदा गुलाबी झाला होता, त्यावर रात्रीची ज्वारीची भाकरी हातानं बारीक चुरून टाकलेली. वरून अंडी. भराभर हलवलं की भाकरीचा प्रत्येक कण अंड्यात न्हाऊन पिवळा होतो, हे त्यांचं त्यांनीच तीन आठवड्यांत शोधून काढलं होतं. वाकताना गळ्यातली तुळशीची माळ पुढं आली. त्यांनी ती पदराखाली सारली आणि गॅस मोठा केला.

बाहेरच्या खोलीत त्यांच्या यजमानांसमोर, नानासाहेबांसमोर, काकासाहेब आणि आवडाबाई चहा घेत बसले होते. काकासाहेब म्हणजे कॉलनीतल्या विठ्ठल मंदिराच्या सप्ताहाचे कर्तेधर्ते आणि आवडाबाई बायकांच्या भजनी मंडळाच्या पुढारी. उद्यापासून सप्ताह बसायचा होता. पाचव्या दिवशी कीर्तनकार महाराजांचं जेवण नानासाहेबांकडं होतं. अकरा वर्षं नानासाहेब हा मान मागत होते, यंदा तो मिळाला होता. घराला रंग दिला होता, नवे पाट आणले होते. सरूबाईंनी तर पुरणाची डाळ दाणा दाणा निवडून डब्यात भरून ठेवली होती. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. महाराज रंगात आले की घरी दूध उतू गेलं असेल, हेसुद्धा त्यांना आठवत नसे. असे महाराज आपल्या घरी हात धुणार, आपल्या हातचं जेवणार, या विचारानं महिनाभर त्यांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं.

कांद्याचा वास बाहेर गेला तोवर ठीक होतं. अंड्याचा गेला आणि बोलणं थांबलं.

मग काकासाहेबांनी गोडीगुलाबीनं सुरुवात केली. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. म्हणाले, सूनबाईचं दुखणं आम्हाला माहीत आहे, कुणाच्या मनात काही नाही. पण मंडळींच्या कानावर गेलंय. उद्यापासून सप्ताह उठेपर्यंत तेवढं बंद ठेवा, स्वयंपाकघरात गोमूत्र शिंपडा, झालं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. नानासाहेबांनी लगेच मान डोलावली. आवाज चढवून, आत ऐकू जाईल असं ते म्हणाले की आठ दिवस काय, पंधरा दिवस बंद ठेवू.

आठ दिवस! सरूबाईंचा हात कढईत थबकला. सुनेला, मोनिकाला, सिझर होऊन सहा आठवडे झाले होते. बाळंतपणात रक्त फार गेलं. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर हिमोग्लोबिनपुढं सातचा आकडा लिहून त्याला दोनदा गोल केला होता आणि गोळ्यांसोबत रोज अंडी द्यायला बजावलं होतं. मोनिकाचं माहेर कन्नड तालुक्यातलं, अंडी-मटण खाणारं. या माळकरी घरात आल्यावर कधी इच्छा झालीच तर ती गच्चीवर जाऊन, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात करून खायची आणि भांडं वरच घासून पालथं घालायची. घराचा नेमच तसा. पण पोटाला टाके घेऊन जिना चढायचा कसा? पहिले काही दिवस तिच्या नवऱ्यानं, ऋतुराजनं, कंपनीतून येताना गाडीवरची भुर्जी बांधून आणली. ती गार, तेलकट, तिखटजाळ. मोनिकाला उलटी झाली. गेल्या महिन्यात एका सोमवारी बाळाला घेऊन उठताना तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली आणि ती भिंतीला धरून घसरत खाली बसली. बाळ मांडीतच राहिलं म्हणून वाचलं. त्याच संध्याकाळी सरूबाई गच्चीवर गेल्या आणि ती पालथी कढई खाली स्वयंपाकघरात घेऊन आल्या. त्या दिवसापासून नानासाहेबांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता.

आतल्या खोलीतून मोनिकाचा बारीक आवाज आला.

"आत्याबाई, नको मला. आठ दिवस नाय खाल्लं तर मरत नाय मी."

सरूबाईंनी गॅस बंद केला. उलथनं हातात तसंच घेऊन त्या बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"काकासाहेब, महाराजांचं जेवण आवडाबाईंकडं ठेवा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अंडी शिजत्यात. उद्या शिजतील, परवा शिजतील, पाचव्या दिवशी बी शिजतील."

नानासाहेबांच्या हातातली बशी खाली ठेवताना वाजली.

"सरूबाई, काय बोलताय?" आवडाबाई म्हणाल्या. "माळ गळ्यात घालून अंडी फोडता, पाप वाटत नाय? निदान माळ तरी उतरवून ठेवायची."

"नाय उतरवणार. ही गळ्यात हाय म्हणून तर हात कापत नाय माझा."

"मग पाप कुणाच्या पदरात?"

"माझ्या. सगळंच्या सगळं माझ्या नावावर लिहा. तिच्या पोटात घास तेवढा जाऊ द्या."

काकासाहेबांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, वहिनी, महाराजांच्या कानावर गेलं तर ते कीर्तनात तुमचाच दृष्टान्त देतील. सरूबाई म्हणाल्या, देऊ द्या, खरा द्यावा एवढंच सांगा. मग आवडाबाईंनी शेवटचं अस्त्र काढलं. सप्ताहात बायकांत पहिल्या ओळीला बसायचा मान सरूबाईंचा होता. वीस वर्षांची ती जागा कधी कुणी अडवली नव्हती.

"मंडळातल्या बाया तुमच्या मांडीला मांडी लावून बसायच्या नाय. मागं बसावं लागंल."

हे मात्र लागलं. सरूबाईंनी उलथन्याकडं बघितलं. त्याच्या टोकाला कुस्कऱ्याचा एक कण चिकटला होता.

"बसंन की," त्या म्हणाल्या. "देवाला मागचं दिसत नाय असं कुणी सांगितलं?"

चहा अर्धा टाकून दोघं गेली. नानासाहेब खुर्चीतून उठलेच नाहीत. भिंतीच्या नव्या रंगाकडं बघत ते एवढंच बोलले, "अकरा वर्षं, सरू." अकरा वर्षं त्यांचीही होती.

त्यांनी कुस्करा ताटलीत काढला आणि मोनिकाच्या पुढं नेऊन ठेवला. मोनिका भिंतीकडं तोंड करून पडली होती. ऐकू सगळं गेलं होतं. उशीचा एक कोपरा ओला झाला होता.

"माझ्यापायी झालं, आत्याबाई. मी नाय खाणार. जा, त्यांना परत बोलवा."

सरूबाईंनी तिची समजूत घातली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. पलंगाजवळ खाली बसल्या.

"मी आत्ता काय सोडून आले ते तू ऐकलंस. आता हे गार झालं ना, तर ते फुकट गेलं. मग मात्र मी रडंन, आणि मी रडाय लागले की लवकर थांबत नाय, विचार तुझ्या सासऱ्याला."

मोनिका उठून बसली. ताटली मांडीवर घेतली. एक घास घेतला, नाक पुसलं, दुसरा घेतला. सरूबाई तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या, घास खाली उतरतो का ते. चौथ्या घासाला मोनिका थांबली.

"काय झालं?"

"काय नाय."

"सांग ना."

मोनिकानं खाली बघितलं. "मीठ नाय यात."

सरूबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काल दुप्पट होतं," मोनिका हळू म्हणाली. मग एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून सगळं सांगून टाकलं. "परवा बी नव्हतं. तीन आठवडे असंच चाललंय. तुम्हाला चाखता येत नाय, मला कळतंय. म्हणून गप गिळायची. पण आज भूक लागलीय, आत्याबाई. आज नाय गिळवत."

नैवेद्याचं कधी चाखायचं नसतं, म्हणून सरूबाई तीस वर्षं अंदाजानंच मीठ टाकत आल्या होत्या. शंभर पानांच्या पंगतीला त्यांचा हात कधी चुकला नव्हता. त्यांच्या मिठाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या एकदम हसायला लागल्या. पदर तोंडावर धरला तरी हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. मोनिका आधी घाबरली, मग तीही पोटावरचे टाके हातानं धरून हसली.

"चल, ऊठ," सरूबाई म्हणाल्या. "अजून दोन फोडते. मीठ तू टाक."

मोनिका भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात आली. देव्हाऱ्यासमोर क्षणभर थबकली. सरूबाईंनी मिठाची बरणी तिच्या हाताशी सरकवली आणि कढई पुन्हा गॅसवर ठेवली.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मोनिकाच्या चिमटीत मीठ होतं, सरूबाईंच्या हातात अंडं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग पावलांचा, आणि बाळ गप्प झालं. थोड्या वेळानं पावलं तशीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली.

सरूबाईंनी मागं वळून बघितलं नाही.

"टाक बेतानं," त्या मोनिकाला म्हणाल्या, आणि अंडं कढईच्या काठावर आपटलं.