तक्रार माझ्याविरुद्ध होती

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची, चारही बाजूंनी लाकडी चौकट असलेली. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानावर मी एकतीस वर्षं भिंतीशी काटकोन करून लटकत होते. नगरपालिकेच्या कागदांत माझ्यासारखीला 'आकाशचिन्ह' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण माझी जागा पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली, फुटपाथवरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर होती.

मला एका पेंटरनं घडवलं. आधी त्यानं पत्रा घासला, त्यावर शेंदरी प्रायमर चढवला, खडू लावलेला दोरा ताणून रेघा मारल्या आणि चार दिवस खपून एकेक अक्षर भरलं. 'येथे सर्व प्रकारचे काटे खात्रीने दुरुस्त होतात.' मला टांगायचा लोखंडी ब्रॅकेटही त्यानंच ओळखीच्या लोहाराकडून माझ्या वजनाच्या बेतानं करून आणला होता. मला लावलं त्या दिवशी दुकानदाराची नवी नवरी समोरच्या फुटपाथवर उभी राहून हातानं खुणा करत होती, जरा डावीकडे, जरा वर. मग नगरपालिकेचा माणूस येऊन टेपनं माझी लांबीरुंदी मोजून गेला आणि तीन वर्षांची परवानगी मिळाली.

त्या दुकानदाराला पुढे सगळे काटेवाले काका म्हणू लागले. हात सोन्यासारखा, पण स्वभाव संशयी. त्यांना तरी किती दोष द्यायचा? रोज त्यांच्यापुढे भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे, किराणावाल्यांचे काटे यायचे, आणि त्यांतले कितीतरी मुद्दाम बिघडवलेले असायचे. तागडीच्या तळाला मेण, दांडीच्या टोकाला शिशाचा तुकडा. लबाडी शोधणं हाच ज्याचा धंदा, त्याला ती सगळीकडे दिसू लागते. त्यांच्या दारावर वर्षानुवर्षं राहून मीही तशीच झाले. फुटपाथवर कुणी थांबून वर पाहिलं, की याच्या मनात काय असेल, हाच माझा पहिला विचार.

दुकानाचा परवाना काका न चुकता दरवर्षी नवा करून घ्यायचे. त्यातच माझंही आलं, असा त्यांचा समज होता. माझी परवानगी वेगळी होती आणि ती तीन वर्षांत संपून गेली होती, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

काही वर्षांनी इलेक्ट्रॉनिक काटे आले. काकांनी तेही काम शिकून घेतलं आणि माझ्या खाली दिव्यांची एक जड पेटी जोडून घेतली. मी दोन फुटांनी वाढले. ब्रॅकेट मात्र जुनाच राहिला. रस्त्यानं जाताना पेंटरनं हे पाहिलं आणि आत येऊन काकांना सांगितलं, की लोखंडाला एवढा भार झेपायचा नाही. काकांनी हसून चहा विचारला. तो गेल्यावर काकूंना म्हणाले, पेटीचं काम दुसऱ्याला दिलं म्हणून याच्या पोटात दुखतंय. गेल्या वर्षी पेंटर पुन्हा आला. तेव्हा चहाही विचारला नाही.

आणि एके दिवशी नोटीस आली. विनापरवानगी, मापापेक्षा मोठं आणि धोकादायक आकाशचिन्ह सात दिवसांत काढावं, नाहीतर दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण थांबेल. खाली बारीक अक्षरांत होतं, प्राप्त तक्रारीवरून.

काकांची नजर त्या दोन शब्दांवर खिळली. वरचं काही त्यांनी नीट वाचलंच नाही.

शेजारी झेरॉक्सवाल्या ताईंचं दुकान होतं. गल्लीतल्या सगळ्यांचे परवान्याचे अर्ज त्या भरून द्यायच्या, म्हणजे नियम त्यांना तोंडपाठ. त्यांनी नुकताच आपल्या दुकानावर नवा बोर्ड लावला होता आणि कोपऱ्यावरून येणाऱ्याला तो माझ्यामुळे दिसत नव्हता. काकांचा हिशेब तिथेच जुळला. काकूंनी परोपरीनं सांगितलं, की एकदा विचारून तरी बघा, बारा वर्षांचा शेजार आहे. काका म्हणाले, "विचारून काय होणार? करणारा कधी हो म्हणतो का?"

ताई चारदा काही बोलायला दारात आल्या. चारही वेळा काका पाठ फिरवून काट्यात डोकं घालून बसले. नोटिशीची प्रत काढायलासुद्धा ते दोन गल्ल्या पलीकडे गेले.

खरं सांगते मित्रांनो, मलाही तीच खात्री होती. मी वरून सगळं पाहत होते ना. ताई रस्ता ओलांडून समोर जायच्या, मान वर करून माझ्याकडे बघायच्या, वहीत आकडे लिहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझे फोटो काढले, समोरून, बाजूनं, खालून. आणखी पुरावा तो काय हवा?

पण त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते. माझा वरचा बोल्ट भिंतीत हलत होता. वारा आला की आतून प्लास्टरचा भुगा गळायचा. माझ्या बरोबर खाली बसची वाट बघणाऱ्यांची रांग लागत असे.

सातव्या दिवशी परवाना निरीक्षक आले. हातात फाइल, बरोबर शिडी घेतलेला कामगार. काका दारातच उभे होते. शेजारच्या दुकानाकडे बघत, ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, की तक्रार कुणी केली ते मला चांगलं माहीत आहे.

निरीक्षकांनी शांतपणे फाइल उघडली. "तक्रार निनावी नाही. खाली नाव आहे, सही आहे. तुम्ही कार्यालयात येऊन विचारलं असतं तर तेव्हाच दाखवली असती."

त्यांनी कागद वाचून दाखवला. तो पेंटरचा होता. ही पाटी मी केली आहे, त्यानं लिहिलं होतं. तिचा ब्रॅकेट सडला आहे. मालकाला दोनदा सांगितलं, त्याला वाटतं मी कामासाठी येतो. खाली माणसं उभी असतात. माझ्या हातची वस्तू कुणाच्या जिवावर उठू नये, एवढीच विनंती.

तोवर कामगार शिडी चढून माझ्यापर्यंत पोचला होता. त्यानं वरच्या बोल्टला पाना लावला. फिरवायची गरजच पडली नाही. ओंजळभर प्लास्टरसकट बोल्ट त्याच्या हातात आला. तो वरूनच म्हणाला, "साहेब, आधी रांग हलवा."

रांग हलली. मला दोरानं बांधून खाली उतरवलं. काका भिंतीवरच्या त्या खळग्याकडे बघत राहिले.

मग ताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात माझे फोटो होते, मापं घालून काढलेला नकाशा होता आणि पूर्ण भरलेला अर्ज होता. भिंतीला सपाट, खालची पेटी काढून, नियमात बसेल अशी पाटी लावण्यासाठी. "नोटीस आली त्याच दिवसापासून करतेय. चारदा सांगायला आले, तुम्ही बघेनात. सही तेवढी राहिली आहे. मापं मला नेमकी लागणार होती, म्हणून रोज मोजत होते."

काकांनी सही केली. "ताई, मी तुमच्यावर..." ते म्हणू लागले.

"नगरपालिकेत तीन नंबरच्या खिडकीवर द्या," ताई म्हणाल्या, "एकच्या आत." आणि त्या आपल्या दुकानात गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका मला हातगाडीवर घालून स्वतः पेंटरच्या घरी घेऊन गेले. तिथं ते उंबऱ्यावर बसले. पेंटरनं माझा गंज खरवडायला घेतला आणि थोड्या वेळानं दुसरा ब्रश काकांच्या हातात दिला.

आता मी भिंतीला टेकून आहे, सहा बोल्टांवर. कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक लिहिला आहे. ताई काकांशी बोलतात, पण कामापुरतं. पूर्वीसारखं होईल की नाही, ते मला सांगता येत नाही. काटा दुरुस्त करणं काकांना जमतं, हे काम त्यांना नवीन आहे.

मित्रांनो, आमच्याकडे अधूनमधून वर बघत जा. आमची अक्षरं चकचकीत दिसली तरी मागचे बोल्ट तपासा, परवानगीची तारीख बघा. आणि कुणाबद्दल मनात शंका आलीच, तर ती सांभाळत बसू नका. त्या माणसाकडे जा आणि विचारा. काकांनी सात दिवस घालवले आणि एक शेजार गमावायची वेळ आणली. तक्रारीचा तो कागद मागायला एक मिनिटही लागलं नसतं.