पाठीकडचं शिसं

लालासाहेब जगदाळे जीपमधून उतरले आणि कुणाला रामराम न करता सरळ मागच्या बाजूला गेले. तेव्हाच त्रिशलाने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. फलटणकडच्या एका साखर कारखान्याचे ते चीफ इंजिनिअर. उमेदीची वर्षं पलटणीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला मोकळाढाकळा माणूस. चहा घेतल्याशिवाय कुपवाडच्या ह्या फाउंड्रीतून ते कधी हलत नसत. आज मात्र त्यांनी ड्रायव्हरच्या मदतीनं एक काळवंडलेलं जड धूड उचललं आणि अंगणात धाडकन टाकलं.

"हे बघा पाटील, तुमचं बेअरिंग," ते त्रिशलाच्या वडिलांना म्हणाले. "ऐन हंगामात मिल बंद पडली. फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि शाफ्ट असा तापलेला की जवळ जायची सोय न्हाई."

रायगोंडा पाटील खाली वाकले. अर्ध्या नळकांड्यासारखं ते कांस्याचं बेअरिंग त्यांच्याच भट्टीतलं होतं. आतल्या खोलगट अंगावर उसाच्या रोलरचा शाफ्ट टेकून फिरायचा. ते अंग आता ओरबाडल्यासारखं झालं होतं.

"तेल कमी पडलं असंल," रायगोंडा हळूच म्हणाले.

"तेल कमी पडलं न्हाई, शिसं कमी पडलं." लालासाहेबांचा आवाज चढला. "गेल्या महिन्यात एक असंच गेलं, तवा मी गप बसलो. त्याच्या जागी बसवायच्या नव्याचा कीस आधी काढून पुण्याला तपासायला धाडला. तुमी जेवढं शिसं घालतो म्हणून सांगता, त्याच्या निम्मंबी निघालं न्हाई. आवं पाटील, राहिलेलं शिसं गेलं कुठं?"

भट्टीपाशी काम थांबलं. ज्ञानू भट्टीवाला हातातला चिमटा घेऊन तसाच उभा राहिला. अर्धं आयुष्य त्याचं ह्या भट्टीसमोर गेलं होतं, आणि शिसं तोच वजन करून घालत असे. शिसं मऊ असतं. शाफ्ट फिरताना क्षणभर तेल तुटलं, तर ते मऊ शिसंच मध्ये येऊन धातूला धातू खाऊ देत नाही. ते कमी घालणं म्हणजे सरळ सरळ फसवणूक.

रायगोंडांचा चेहरा पांढरा पडला. सचोटी हीच त्यांची मिळकत होती. त्यांनी एकदा ज्ञानूकडे पाहिलं. ज्ञानू म्हणाला, "आण्णा, माझ्या हातनं गुंजभरबी कमी पडल्यालं न्हाई. दिगंबराची शप्पत घ्या म्हणला तर तीबी घेतो."

"शपथ कशाला, ज्ञानूकाका?" त्रिशला पुढे आली. ती पुण्याला धातुशास्त्र शिकून आली होती. वर्गात एकटीच मुलगी होती. परत येऊन फाउंड्रीत काम करीन म्हणाली, तेव्हा भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, पण रायगोंडांनी तिच्यासाठी ऑफिसातली एक खोली रिकामी करून दिली होती. तिनं लालासाहेबांना विचारलं, "साहेब, कीस कुठून काढला होता? आतल्या अंगावरून?"

"मग? जिथं शाफ्ट बसतो तिथलाच काढणार."

"पाठीचा काढलाच नाही?"

"पाठ कशाला तपासू? पाठीवर काय शाफ्ट फिरतोय?"

त्रिशलाच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. साचा तिनं किती वेळा पाहिला होता. खोलगट अंग वर, पाठ खाली. आणि त्या जाड वाळूत धातू थंड व्हायला किती वेळ लागतो, तेही तिला ठाऊक होतं.

"शिसं कुठंही गेलेलं नाही," ती ठाम आवाजात म्हणाली. "ह्याच बेअरिंगमध्ये आहे. पाठीकडं जाऊन बसलंय. कापून दाखवते."

लालासाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बुटानं ते जळकं बेअरिंग हलवलं. "हे कापून काय उपेग? इतकं तापलं होतं की शिसं वितळून कुठल्या कुठं गेलं असंल. मी ते मानणार न्हाई."

"बरोबर आहे. हे नको. न वापरलेलं एखादं असेल ना तुमच्याकडं?"

"एकच हाय. मिलला आता बसवलेलं गेलं, तर तेच शेवटचं. ते कापलं आणि उद्या घोटाळा झाला तर?"

"ते न कापता बसवलंत, तर घोटाळा होणारच आहे," त्रिशला म्हणाली. "तेही असंच ओतलेलं आहे, साहेब."

रायगोंडा मध्ये पडणार होते, पण लेकीचा चेहरा बघून थांबले.  लालासाहेब जीपकडे वळत म्हणाले, "बसा गाडीत. तुमीबी चला, पाटील. जे काय निघंल ते सगळ्यांम्होरं निघू द्या."

विट्यावरून, दहिवडीच्या उघड्या माळावरून जीप धावत होती.  वाटेत एकदाच रायगोंडांनी विचारलं, "त्रिशला, नक्की ना गं?"

"नक्की, आण्णा."

खरं तर कापल्याशिवाय कोण नक्की सांगणार? पण तिचा हिशेब तिला कुठंही लंगडा दिसत नव्हता. शिसं तांब्याहून जड. तांबं आणि कथील गोठायला लागले, तरी शिसं थेंबाथेंबांनी पातळच राहतं. जड थेंबाला खाली जायला वाट आणि वेळ मिळाला, तर तो वर कशाला थांबेल?

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नवंकोरं बेअरिंग यांत्रिक करवतीखाली धरलं गेलं. फिटर, हेल्पर, ऊस घेऊन आलेले दोन-चार शेतकरी, सगळे भोवती जमले. करवत आडवी पार गेली. त्रिशलानं कापलेली बाजू कानशीनं घासली, मग पॉलिश कागदानं, आधी जाड, मग बारीक. हात भरून आले तेव्हा फिटर म्हणाला, "द्या ताई, मी घासतो." ती म्हणाली, "नको, होत आलंय."

तिनं ते फडक्यानं पुसलं आणि दारातल्या उन्हात धरलं.

भिंगाचीही गरज पडली नाही. खोलगट अंगाकडे धातू सोनेरी पिवळा होता, त्यात करड्या ठिपक्यांची नुसती तुरळक शिंपण. जसजसं पाठीकडे जावं, तसतसे ठिपके दाट होत गेले, मोठे होत गेले. अगदी पाठीशी तर करड्या रंगाची साय धरल्यासारखी दिसत होती. त्रिशलानं तिथं चाकूचं टोक दाबलं. ते मऊपणानं आत रुतलं.

"हे तुमचं शिसं," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं."

लालासाहेबांनी तुकडा हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. स्वतः चाकू लावून पाहिला. मग त्यांनी तो फिटरच्या हातात दिला आणि रायगोंडांसमोर येऊन उभे राहिले.

"पाटील, मी तुमच्या अंगणात चार माणसांदेखत बोललो. हितं त्याहून जास्त माणसं हाईत. ह्यांच्यादेखत माझा शब्द मागं घेतो. चुकलं माझं."

रायगोंडांनी नुसती मान हलवली.  डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"तुमचं पूर्ण नाही चुकलं, साहेब," त्रिशला म्हणाली. "बेअरिंग वाईट होतं, हे खरंच. ओतण्याची पद्धत आमची आहे."

चहा आला. लालासाहेबांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "आता हे असं का होतं, ते मला समजंल असं सांग."

"तुमच्या टाक्यांमध्ये साखरेचा दाणेदार पाक असतो ना, त्याला सतत ढवळत का ठेवता?"

"न्हाई ढवळला तर दाणा तळाला बसतो." एवढं बोलून ते थबकले. "अस्सं! म्हंजे साचा थंड हुईस्तोवर तुमचं शिसं तसंच खाली बसतं!"

"तेच. वजनाचा खेळ आहे सगळा. दोन-तीन वर्षांपूर्वी अमेरिकेनं आकाशात प्रयोगशाळा फिरवत ठेवली होती. तिथं त्यांनी धातू वितळवून गोठवून बघितले. तिथं वजन म्हणून जाणवतच नाही, त्यामुळं जड काय नि हलकं काय, कुणीच खाली बसत नाही."

लालासाहेब खो खो हसले. "मग आता पाटलांची भट्टी आभाळात न्यायची का?"

"नाही. वजन घालवता येत नसेल, तर त्याला वेळ द्यायचा नाही. झटक्यात गोठवायचं."

कुपवाडला परत आल्यावर ज्ञानूनं सगळं ऐकलं. तो म्हणाला, "ताई, येवढं सोपं हाय तर साचाच पालथा घालू की. खोलगट अंग खाली. शिसं तिकडंच जाईल, पायजे तिथं."

त्रिशलाच्या मनात हे आधी आलं होतं. पण करून बघितल्याशिवाय ज्ञानूला पटणार नाही, आणि कुणी सांगावं, निम्मं काम त्यानंच होईल, म्हणून ती म्हणाली, "ओता."

त्यांनी ओतलं, कापलं, घासलं. शिसं खोलगट अंगाकडे आलं खरं, पण डबकी साचावीत तसं. मधल्या धातूला आधारच राहिला नव्हता. ज्ञानूनं नखानं ओरखडा काढून पाहिला. "हे तर मेणागत झालं," तो हिरमुसून म्हणाला. "शाफ्ट ह्याला एका पाळीत चिरडंल."

"पालथा साचा बरोबर आहे, काका. वाळू चुकीची आहे. तिथं वाळूच्या जागी लोखंड पाहिजे. कांस्य लोखंडाला टेकलं की लगेच गोठेल, शिशाचे थेंब आहेत तिथंच अडकून बसतील."

पण लोखंड हवं होतं बेअरिंगच्या खोलगट अंगात नेमकं बसणारं, तसं गोल आणि तसं जाड. एवढा गोळा आणायचा कुठून? त्रिशलानं कारखान्याला ट्रंक कॉल लावला. लालासाहेब फोनवर म्हणाले, "आगं, त्यात काय! बेअरिंगच्या खोलगटात बसतो तो शाफ्टच की. मोडका शाफ्ट हाय आमच्या भंगारात. तुकडा कापून, आतून तासायला धातू राहावा म्हणून लेथवर जरा बारीक करून धाडतो." आणि दुसऱ्याच दिवशी तुकडा घेऊन ते स्वतःच आले.

लोखंड गार आणि ओलसर असलं, तर तापला धातू त्यावर पडताच उसळून अंगावर येतो, हे ज्ञानूला कुणी सांगायला नको होतं. त्यानं तो तुकडा आधी हात सोसेल त्याहून जास्त तापवला, मशालीच्या धुरावर धरून काजळी चढवली. मुशीतला रस त्रिशलानं नेहमीपेक्षा कमी तापलेला ठेवायला सांगितला. ओतायच्या आधी ज्ञानूनं तो तळापासून ढवळला आणि शेवटचा वेढा थांबतो न थांबतो तोच मूस उचलली.

"ओत रं गड्या, ओत," लालासाहेब स्वतःशीच पुटपुटले.

धातू साच्यात उतरला. इतर वेळी ज्याला निवायला निम्मा दिवस लागे, त्याची लाली ह्या वेळी बघता बघता साच्याच्या तोंडाशी मावळली. साचा फोडला, तुकडा कापला. ह्या वेळी त्रिशलानं ज्ञानूलाच घासू दिलं. त्यानं तो उन्हात धरून निरखला. तुकडा त्रिशलाच्या हातात दिला.

सोनेरी धातूभर राखेची बारीक चिमूट उधळावी तसे ठिपके, खोलगट अंगापासून बरेच आतपर्यंत एकसारखे. पाठीकडे थोडे भरड झाले होते, पण डबकं कुठंही नव्हतं. भिंगातून पाहिलं तर शिशाचा प्रत्येक कण धातूच्या जाळीत वेगवेगळा अडकलेला.

"आता कापायला न्हाई, बसवायला करा," लालासाहेब म्हणाले.

बेअरिंग मिलमध्ये बसवलं त्या दिवशी रायगोंडा, ज्ञानू आणि त्रिशला तिघंही कारखान्यावर गेले. मिल सुरू झाली. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडू लागल्या, रोलरमधून रस वाहू लागला आणि सगळी इमारत थरथरायला लागली. दुपारपर्यंत मिल न थांबता चालली. मग लालासाहेबांनी बाही मागं सारून बेअरिंग बसवलेल्या लोखंडी घरावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. जुन्या बेअरिंगवर तो क्षणभरही ठेवता आला नसता.

त्यांनी ज्ञानूला बोलावलं. ज्ञानूनं हात टेकवला आणि हसला. "तान्ह्या पोराच्या अंगागत ऊब हाय."

"पाटील," लालासाहेब मिलच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "बाकीच्या मिलचीबी बेअरिंगं बदलायची. कधी देताय?"

रायगोंडांनी लेकीकडे बोट केलं. "मला न्हाई, हिला इचारा."

त्रिशला मिलच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिथला शाफ्ट पहिल्यापेक्षा बराच जाड होता. तेवढ्याला हेच लोखंड पुरेल का, की दोन बाजूंनी लावावं लागेल, ह्याचा ती विचार करत होती.

"आधी मला ह्याची मापं घेऊ द्या," ती म्हणाली आणि फिटरकडे टेपसाठी हात पुढे केला.