ज्यांना कोणी काढू शकत नाही

ऑगस्टा लॅथमने मक्याच्या कण्या ढवळता ढवळता गॅस बारीक केला. कोर्टात ती आली की सगळे उठून उभे राहायचे. घरात मात्र कण्या खाली लागल्या की बोलणी तिलाच.

"लोणी जरा सढळ हाताने घाल," टेबलापाशी बसलेली तिची आई, मिस अर्लीन, म्हणाली. "मरेपर्यंतची नोकरी आहे तुझी. लोण्यात कसली काटकसर करतेस?"

"डॉक्टर ओरडतो, ममा."

"त्यालाच पाठव इकडे. खायला घालते, गप्प बसेल." म्हातारी हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आज नेल्डाच्या पोरीचं आहे ना गं?"

"घरात केसचं बोलायचं नाही."

"केसचं कोण बोलतंय? मी पोरीचं बोलतेय. चर्चमध्ये माझ्या मांडीवर झोपायची ती."

ऑगस्टाने आईच्या बशीत कण्या वाढल्या, वर अंडं ठेवलं आणि स्वतः उभ्याउभ्याच कॉफी संपवली.

सूतगिरणीत राबणाऱ्या बाईची ही लेक. अमेरिकेत, जॉर्जियातल्या त्या गावात काळ्या पोरांना लायब्ररीत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, तेव्हाची. शिकली, वकील झाली, लोकांचे टोमणे गिळले, आणि एक दिवस थेट वॉशिंग्टनहून नेमणूक आली. फेडरल जज, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टाची! काळा झगा आईनेच तिच्या खांद्यावर चढवला.

तिथे राज्यातले बरेच जज मतं मागून निवडून येतात, पण या जजला निवडणूक नाही. त्याचा पगार कोणी कापू शकत नाही. मोठा गुन्हा केल्याशिवाय घरी कोणी पाठवू शकत नाही. का? तर त्याने कोणालाही घाबरू नये म्हणून.

आणि ऑगस्टा घाबरायची.

वरच्या कोर्टाने आजवर तिचा एकही निकाल फिरवला नव्हता. एक जरी फिरवला तरी लोक म्हणणार, बघा, म्हणालो नव्हतो, हिला बसवू नका तिथे? या भीतीपायी तिने कायद्यातला काना-मात्रासुद्धा कधी हलू दिला नाही.

तो काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. ड्रग्जचा कायदा नवा आणि कडक. टोळीने जेवढा माल विकला, तेवढा सगळा टोळीतल्या प्रत्येकाच्या माथी. कमीत कमी दहा वर्षं. जजला वाटलं म्हणून कमी करता येत नाही. सरकारी वकिलाने मागणी केली तरच. आणि तो मागणी कोणासाठी करणार? जो दुसऱ्यांची नावं देईल त्याच्यासाठी.

म्हणजे झालं काय, टोळीचा म्होरक्या रॉय क्लेटनकडे नावंच नावं होती. तो भडाभडा बोलला. त्याला चार वर्षं मिळाली, ऑगस्टाच्याच हातून. नेल्डाची पोरगी मरीटा ही त्याच्या एका माणसाची मैत्रीण. वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. घरचा फोन वाजला की उचलायची, 'तो नाहीये, निरोप सांगते' म्हणायची. एवढ्यावरून तीही टोळीतली ठरली. तिच्याकडे द्यायला नावंच नव्हती.

कोर्ट भरलं. पहिल्या बाकावर नेल्डा, तिच्या मांडीवर मरीटाची छोटी, पायातला बूट काढून चावत बसलेली.

"तुला काही सांगायचंय?" ऑगस्टाने विचारलं.

मरीटा उठली. "बाई, नावं माहीत असती तर मी दिली असती. खरंच दिली असती. मला एकच नाव माहीत होतं, रॉयचं. आणि त्याला तर तुम्ही चारच वर्षं दिलीत."

"मग काय शिकवायचं हो पोरींना?" नेल्डा बाकावरूनच ओरडली. "जरा जास्त गुंड ओळखून ठेवा म्हणून?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

शिक्षा देण्याआधी त्या कोर्टातले सगळेच जज एक वाक्य म्हणायचे. कायद्याने माझे हात बांधलेत. मग आकडा सांगायचा, आणि शेवटी 'गुड लक'. तुरुंगात चाललेल्या माणसाला गुड लक! ऑगस्टाने हे इतक्यांदा म्हटलं होतं की जीभ आपोआप वळायची. आज तिने 'कायद्याने माझे हात' एवढं म्हटलं आणि खाली बघितलं. बांधलेत कोणी? समोर टेबलावर तिचे हात होते, चांगले मोकळे.

"मिस्टर हॅलोवे," ती सरकारी वकिलाला म्हणाली, "हिच्यासाठी कमी शिक्षेची मागणी करणार?"

"नाही, युवर ऑनर. तिने मदत केली नाही."

"काही माहीतच नसेल तर मदत कशी करायची?"

हॅलोवेने कागद उगाचच सारखे केले. "कायदा असाच आहे, युवर ऑनर."

"बरं. मग ऐका. चार वर्षं. म्होरक्याला जेवढी, तेवढीच. ही पण जास्तच आहेत."

"युवर ऑनर, हे बेकायदेशीर आहे!"

"माहीत आहे. अपील करा. माझा निकाल फिरवायचा तर फिरवू देत वरच्यांना. मला घरी तर कोणी पाठवू शकत नाही ना?"

नेल्डा रडत उठली. "देव तुमचं भलं करो, जजबाई!"

"नेल्डाबाई, आजच आनंद करू नका. वरचं कोर्ट बहुतेक दहा वर्षंच देईल."

"देऊ दे. तुम्ही माणसासारखं वागलात ना, तेवढं बास."

ऑगस्टाला तिच्याकडे बघवेना. इतकं सोपं होतं हे? तोंड उघडायचं आणि बोलायचं, एवढंच?

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक बाई उठली. लाँड्रीतला निळा युनिफॉर्म, कोपरापर्यंत लाल झालेले हात. ऑगस्टाने तिला ओळखलं नाही.

"माझी कॅसी याच जागी उभी होती," बाई म्हणाली. "तिने पण फक्त फोनच उचलले होते. तिला तुम्ही दहा दिलीत."

ती बाकांमधून दोन पावलं पुढे आली.

"तेव्हा कायदा हाच होता ना?"

"हो," ऑगस्टा म्हणाली.

"आणि तुम्हाला तेव्हा पण कोणी काढू शकत नव्हतं ना?"

"नाही."

"मग माझ्या पोरीच्या वेळी काय झालं होतं?"

शिपाई लगबगीने तिच्याकडे निघाला. "खाली बसा बाई, कोर्ट चालू आहे."

"बसवू नका त्यांना," ऑगस्टा म्हणाली. मग तिने टंकलेखिकेला सांगितलं, "हे सगळं लिहून घे, एक शब्द सोडू नकोस. मी घाबरले होते, हे पण घे."

आणि आरोपीला उभं राहायला लावतात, तशी ती स्वतःच खुर्चीतून उठून उभी राहिली.

"सांगा बाई. कॅसीचं पूर्ण नाव काय?"