पाळण्यातलं नाव

आमच्या सुनेने, नेत्राने, अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनमधलं घर अडीचशे वर्षांपूर्वीचं करायला घेतलं होतं. घर परवा बांधलेलं, आजूबाजूच्या इतर घरांसारखंच. आत मात्र रंग उडालेल्या फळ्या, मेणबत्त्यांचे कंदील, लाकडी काथवट. याला म्हणे प्रिमिटिव्ह स्टाइल म्हणतात. माझी आई असलं सगळं बंबात घालायची.

"किती वॉर्म वाटतं ना, आई?" नेत्रा विचारायची. वॉर्म तर वॉर्म.

मग एका जुन्या सामानाच्या दुकानातून पाळणा आला. टांगायचा नव्हे, जमिनीवर डुलणारा. आत चिंध्यांची बाहुली होती. तिला चेहराच नव्हता, नुसतं कोरं कापड. दुकानदाराने ती फुकट दिली म्हणे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

नातू झाला. बारसं त्याच पाळण्यात करायचं ठरलं, फोटो छान येतील म्हणून. मी म्हटलं, कुणाचं मूल त्यात वाढलं की गेलं ठाऊक नाही, आपलं बाळ घालू नये. माझा मुलगा ऋषी म्हणाला, "तू डॉक्टर आहेस यार." आईला यार म्हणतो.

बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. काय अशुभ असेल ते दगडावर जावं. आमच्याकडे मिक्सर, वरवंटा कुठला? कुणीतरी म्हणालं, बाहुली आहेच की. बायकांनी तिलाच दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," आणि आत ठेवलं. बाळाची आत्या म्हणजे माझी लेक रुचा, इथेच वाढलेली. तिला वाटलं, आता आपली पाळी. ती वाकली आणि बाहुलीच्या कानाशी, कान तरी कुठला, कुर्रर्र करून म्हणाली, "ओजस." बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. मग चूक कळली, सगळे पोट धरून हसले, बाळाला ठेवून पुन्हा कुर्रर्र झालं. मी हसले नाही. नाव एकदाच ठेवतात.

बाळ मोठं होत गेलं. दिव्याकडे बघे, माझ्या बांगड्या वाजल्या की वळे, पण ओजस म्हटलं की ढिम्म. कानांची टेस्ट उत्तम निघाली. नेत्रा हाका मारून मारून रडकुंडीला येई.

एका दुपारी तो माझ्या मांडीवर होता. मी हाक मारली, "ओजस." तो खिडकीकडे बघत राहिला. कोपऱ्यातला पाळणा, आत नुसती बाहुली असलेला, हलला. पुन्हा हाक मारली, पुन्हा हलला. माझा जन्म लोकांना भूल देण्यात गेला, भूल पडणाऱ्यांतली मी नव्हे. तरी बाळाला मी घट्ट जवळ ओढलं.

नेत्रा दारात उभी होती. तिनेही पाहिलं. "आत्ताच्या आत्ता परत देऊन येते," ती म्हणाली आणि तिने बाहुली उचलली.

"ठेव ती. नाव ठेवलेलं मूल कुणी परत देतं का?"

"मग माझ्या बाळाचं काय, आई?"

मलाही रडू आलं. कोण जाणे कुणाचं पोर, नावावाचून गेलेलं, त्या लाकडात हाकेची वाट बघत पडलं होतं. ती हाक आम्ही नकळत मारली.

"ते नाव पाळण्यातल्याकडे राहू दे," मी म्हटलं. "आपण दुसरं ठेवू."

रुचाला बोलावलं. या वेळी पाळणा नाही, नेत्राची मांडीच. रुचाने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. "मिहीर." त्याने मान वळवून तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. नेत्रा त्याला छातीशी धरून कितीतरी वेळ रडत होती.

कागदोपत्री तो अजून ओजसच आहे. दवाखान्यात नर्स त्या नावाने बोलावते, तो बघत नाही. नेत्रा मात्र लगेच फोनवर घरच्या कॅमेऱ्यात पाळणा बघते आणि फोन पालथा ठेवते.

आंघोळीनंतर मी मिहीरला तीट लावते. बोटाला उरलेलं काजळ घेऊन पाळण्याशी वाकते आणि त्या कोऱ्या कापडावर, गाल असेल तिथे, टेकवते.

"त्याला आता कुणाची दृष्ट लागणार, आई?" नेत्राने एकदा विचारलं.

"लहान आहे गं," मी म्हटलं.