पायाखालची चिठ्ठी

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली अन् दोनदा थांबलो. आपली जळफळ आपल्याच अक्षरात उमटवायची म्हणजे लाज वाटते हो. पण न सांगता जास्त टोचतंय.

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. राहात्याच्या सूर्यभान सरांच्या टायपिंग क्लासमधला सात नंबर. चौदा वर्षं पोरापोरींची बोटं झेलली. अर्ज, दाखले, सोसायटीचे अहवाल, सगळं माझ्यातून गेलं. माझा एक रबरी पाय झिजलेला, म्हणून मी डुगडुगतो. अन् माझा 'र' लहरी. कधी कधी वर जातो अन् तिथंच चिकटतो. पोरं वैतागायची. सर म्हणायचे, "सातला आज मूड न्हाई."

पुढं क्लासमध्ये नवी मशिनं आली. मला कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं. तिथून सरांचे शाळासोबती भाऊसाहेब मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन गेले. त्यांचा महेंद्र अकरावीत होता. त्याला टायपिंग कुणी शिकवलं नाही. त्यानंच भिंतीवर अक्षरांचा तक्ता चिकटवला अन् तो दोन बोटांवरून आठ बोटांवर आला. तो अन् मी, बस.

९६ची दिवाळी झाली अन् महेंद्रनं त्याचा दोस्त राहीलबरोबर बेत केला. आपल्या वयाच्या पोरापोरींसाठी गाण्याबजावण्याचं मासिक काढायचं. नाव 'ठेका'. आठ पानं. शाळेच्या गॅदरिंगला वाटायचं. मेणकागदी स्टेन्सिलवर टाइप करून शाईनं प्रती काढायचं सायक्लोस्टाईल मशीन हेडसरांनी वापरायला दिलं, पण दम देऊन. गॅदरिंगच्या सकाळी अंक हातात नसला तर पुन्हा मशीनला हात लावायचा नाही.

माझ्यासमोरच सगळं ठरलं.

"पहिल्या पानावर बेंजोवाल्यांचा फोटो टाकू," राहील म्हणाला.

"फोटो? सायक्लोस्टाईलवर नुसता काळा ढग येईल, येड्या."

"मग चित्र काढू. आन् तबला कसा लावायचा त्ये मी लिहितो."

"आन् आईची मुलाखत."

महेंद्रची आई कलाबाई. भीमजयंतीला तिचा आवाज चार गल्ल्या पलीकडं ऐकू जायचा. ती चुलीपासून ओरडली, "माझी कशाला रं? मी काय रेडिओवर गाते व्हय?"

"रेडिओवाल्यांना समदेच इचारतेत, आई. तुला कुनी इचारलं आजपातुर?"

त्या रात्री तिनं त्याला भाकरी एक जास्त वाढली.

इथपर्यंत मी खूश होतो. आठही पानं माझीच होती ना! मग राहील म्हणाला, "आमची अंजुमआपा नगरला कॉम्प्युटर शिकतीया. मथळे तिच्याकडनं आनतो."

आणले. तो कागद माझ्या शेजारीच ठेवला. 'ठेका'. काय ते अक्षर! जाड, गोल, 'ठ' तर तबल्याच्या तोंडासारखा. तो कागद खाली ठेवायचा, वर स्टेन्सिल धरायची अन् लोखंडी टोकाच्या पेनानं गिरवायचं, म्हणजे तसंच उमटणार. कलाबाई हात पुसत आली अन् म्हणाली, "बाई गं, काय देखनं अक्षर!"

मित्रांनो, चौदा वर्षांत माझ्या अक्षराला कुणी देखणं म्हटलं नव्हतं. स्वच्छ म्हणायचे. वाचता येतं म्हणायचे. माझ्या पोलादात कळ गेली. कधी न पाहिलेल्या त्या नगरच्या मशीनचा मला असा राग आला की वाटलं, त्याच्या वायरी उंदरानं खाव्यात.

महेंद्रचंही तोंड उतरलं होतं. मी पाहिलं ना.

मथळ्यांबरोबर आपाची चिठ्ठी होती. 'टाइप करायच्या आधी दोन कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. त्यावर पानांचे आकडे टाका. पहिल्या पानाशेजारी दुसरं येत नाही, आठवं येतं.'

महेंद्रनं वाचली अन् फुत्कारला. "एकाशेजारी दोन येतं. पहिलीतलं पोरगं सांगंल. नगरला काय ऱ्हायले, आता आमाला शिकवाया लागले." त्यानं चिठ्ठीची घडी केली अन् माझ्या झिजलेल्या पायाखाली सरकवली. माझं डुगडुगणं थांबलं.

आता खरं सांगतो. आपाचं बरोबर होतं हे मला माहीत होतं. सोसायटीचा अहवाल करताना सर आधी कागद दुमडूनच बघायचे. महेंद्र एका स्टेन्सिलवर एक अन् दोन शेजारी मारायला बसला, तेव्हा 'र' अडकवणं माझ्या हातात होतं. तो थांबला असता, मला उचललं असतं, चिठ्ठी पुन्हा दिसली असती. पण मनात आलं, होऊ दे वाटोळं. सगळे म्हणतील, नगरचं डिझाईन फसलं.

अन् मी लोण्यासारखा चाललो. एकदाही अडलो नाही.

"आज लई गोड चाललाय गडी!" महेंद्रनं माझ्या पाठीवर थाप मारली.

गॅदरिंगच्या आदल्या सकाळी शाळेत दीडशे प्रती काढल्या. घरी आणून राहीलनं पहिली प्रत दुमडली. मुखपृष्ठ मागं गेलं. समोर आलं दुसरं पान. तिसऱ्यापुढं डायरेक्ट सहावं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "तबला उतरला असेल तर हातोडीनं हळूच कलाबाईंना पहिल्यांदा माईकपुढं उभं केलं."

"मला? हातोडीनं?" कलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. पण पोरं हसत नव्हती.

"पानं तू लावली, महेंद्र."

"त्या मथळ्यांच्या नादात झालं! ह्ये नगरवाल्यांचं डिझाईन..."

"काय झालं माझ्या डिझाईनला?"

दारात अंजुम उभी होती. गॅदरिंगसाठी सकाळच्या एस.टी.नं आलेली. तिनं अंक उलटापालटा केला. "मी चिठ्ठीत लिहिलं होतं की."

"कुठली चिठ्ठी?" महेंद्र भिंतीकडं बघत म्हणाला.

ती वाद घालत बसली नाही. "कोऱ्या स्टेन्सिली किती आहेत?"

"चार."

"पुरतील. एखादा जुना ब्रश द्या, या मशीनची अक्षरं शाईनं भरलीत." तिनं रॉकेलात ब्रश बुडवून माझं एकेक अक्षर घासलं. 'र'वर तर जरा जास्तच वेळ. मग खालची धूळ झटकायला मला उचललं.

चिठ्ठी.

महेंद्रच बोलला, मान खाली घालून. "वाचली हुती, ताई. तुमचं अक्षर लई भारी हुतं. म्हनून राग आला."

"माझं कुठलं? ते कॉम्प्युटरमध्ये आधीच असतंय. आठवड्यातनं एक तास बसू देतात मला, ते पण मालक जाग्यावरनं उठला तर." तिनं माझ्या बटणांवरून बोट फिरवलं. "राहील सांगायचा, महेंद्रच्या घरात स्वतःचं मशीन हाय. मीच तुझ्यावर जळायचे."

मित्रांनो, माझ्यासारख्या डुगडुग्यासाठी कुणी जळत होतं! मला कुठं तोंड लपवावं कळेना.

ती सांगत गेली, महेंद्र मारत गेला, राहीलनं मथळे गिरवले. एकाशेजारी आठ. तिनाशेजारी सहा. संध्याकाळच्या आत चारही स्टेन्सिली तयार झाल्या अन् पोरांनी पुन्हा शाळेत जाऊन प्रती काढल्या. गॅदरिंगच्या सकाळी दीडशे 'ठेका' वाटले गेले. सहाव्या पानावर कलाबाई होती, हातोडीशिवाय.

महेंद्रनं आपली चूक कबूल केली. माझी कुणालाच कळली नाही.

म्हणून एवढंच सांगतो. घरातली जुनी वस्तू अडली की लगेच रट्टा मारू नका. तिला पुसा, दोन थेंब तेल द्या, अन् तिच्या पायाखाली काय दबलंय ते एकदा बघा.

माझ्या पायाखाली आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. महेंद्रनं स्वतः कापून लावलाय. महेंद्र, दोस्ता, तुला शब्द देतो. पुन्हा कधी रागाच्या भरात चुकीचं पान मारायला बसलास, तर माझा 'र' वर जाईल अन् तिथंच चिकटेल. खुशाल शिव्या दे. तू कागद दुमडून बघेपर्यंत मी हलणार नाही.