डाग न पाडणारी

‘जिचा वाडग्याला डाग पडत नाही, ती वाइनच नव्हे.’ या घरातला हा नियम. का, असं विचारायचं नाही. जेवताना तर मुळीच नाही.

मी ती डाग न पाडणारी. आल्वारिन्यो द्राक्षांची पांढरी वाइन बोलतेय. पोर्तुगालात मिन्यो नदीकाठी राहणाऱ्या लिबोरियो आजोबांच्या टेबलावर उभी आहे आणि बाटलीत अर्धीच उरलेय.

चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात नदीकडच्या मांडवावर मी पिकले. द्राक्षं बारीक, साल जाड, रस थोडा. शिडीवर चढून ती तोडली आजोबांच्या नातीनं, लिओनिल्दनं. तेव्हा ती वाइनचंच शिक्षण घेत होती आणि दर सुट्टीत नवा वाद घेऊन घरी यायची. पहिल्याच दिवशी तिनं माझा रस सालीपासून वेगळा केला. तांबडी कित्येक दिवस सालींसोबत मुरते, म्हणून रंगते. मला ती संगत मिळाली नाही, एवढाच माझा गुन्हा!

इथली मोठी माणसं तांबडी वाइन पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात ओततात, गोल फिरवतात आणि जांभळा डाग दिसला की म्हणतात, ‘‘पडला!’’ जणू पदकच मिळालं.

माझ्या बहिणी, म्हणजे त्याच रसाच्या बाकीच्या बाटल्या, मात्र करडाच्या रोस्टवर शिंपडण्यात संपल्या. एकीनं तर जेनेरोझा आत्यानं खिडकीच्या काचा पुसल्या. लिओनिल्दनं मला बटाट्यांच्या पोत्यांमागे लपवलं, म्हणून मी वाचले.

या फेब्रुवारीत आजोबांनी जाहीर केलं, की नदीकडचा मांडवही आता तांबडीचा. रविवारी बुंधे कापून ठेवायचे, सोमवारी त्यांवर तांबडीचं कलम बांधणारा माणूस येणार. बुंधे कोणाचे? माझ्या आयांचे.

म्हणून आज, रविवारी दुपारी, खारवलेल्या कॉडच्या परातीशेजारी लिओनिल्दनं मला आणून ठेवलं.

‘‘हे काय, पाणी?’’ आजोबा म्हणाले.

‘‘कॉडबरोबर पांढरी! कॉलेजात हेच शिकवतात होय गं?’’ आत्या हसली.

‘‘मासाच आहे ना तो? माशाबरोबर पांढरीच.’’

‘‘कॉड म्हणजे मासा नव्हे. कॉड म्हणजे कॉड!’’ दोघंही एका सुरात.

‘‘बरं. पण आज तांबडी मी काढणार नाही. हीच प्यायची.’’

आजोबांनी वाडगा पुढे केला. मला गरगर फिरवून आत डोकावले. ‘‘बघ. कोरा.’’

मग जेवण सुरू झालं. जाड पापुद्र्यांचा कॉड, मुठीनं फोडलेले भाजके बटाटे, लसूण, वरून ऑलिव्ह तेलाची धार. माझं काम मला ठाऊक आहे. तोंडातलं तेल धुवायचं, मिठाला आवर घालायचा, पुढच्या घासाला जागा करायची. तांबडी इथे मिठाशी भांडते आणि जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव ठेवून जाते. इतकी वर्षं ही माणसं त्यालाच कॉडची चव समजत आलीत.

आजोबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आत्यानं ताटातलं तेल मक्याच्या पावानं पुसून खाल्लं. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

‘‘तर,’’ आजोबा मिश्या पुसत म्हणाले, ‘‘डाग काही पडला नाही. नियम तो नियम. करवत तुझ्याकडे आहे ना? आण. उजेड आहे तोवर कापून टाकू.’’

लिओनिल्द उठली. पण तिनं उचलला पाण्याचा जग. काठोकाठ भरलेला.

‘‘दर रविवारी तुम्ही दोघं कॉडवर दोन जग पाणी पिता. खारट आहे म्हणता. आज कुणालाच तहान नाही लागली?’’

‘‘मासा पाण्यात जास्त भिजला असेल, मीठ उतरलं,’’ आत्या पुटपुटली.

‘‘काय जास्त भिजला?’’

आत्यानं जीभ चावली.

‘‘तूच भिजवलास ना शुक्रवारी, नेहमीसारखा? आणि आज बरा तो मासा झाला!’’

‘‘लिओनिल्द, उलट बोलू नकोस,’’ आजोबा गरजले. ‘‘करवत!’’

‘‘नाही देणार. उद्या कलमवाल्यालाही मीच फाटकातून परत पाठवणार. डाग पडून मिळतं काय, हे तरी सांगा ना! वाडगे घासते मी. मला विचाराल तर कोराच बरा.’’

आजोबा वाडग्याच्या कोऱ्या तळाकडे बघत बसले. आत्या पावाचे कण गोळा करत राहिली.

माणसांनो, माझा निकाल वाडग्यात बघून लावू नका. ताटात बघा, काही उरलंय का.

आत्ताच आजोबांचा तो कोरा वाडगा हळूच माझ्याकडे सरकलाय.