कडू घास

सिमियू आमच्या घरी आला तेव्हा डोंगरउतारावरची नाचणी काढणीला आली होती. विद्यापीठात त्या वर्षी प्रथमच आफ्रिका सप्ताह भरणार होता. केनिया, युगांडा, टांझानिया इथून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी आधी काही दिवस आपल्या इथल्या सोबत्याच्या गावी राहावे, आणि समारोपाच्या सभेत दोघांनी मिळून त्याविषयी बोलावे, अशी योजना होती. प्राध्यापकांनी सिमियूच्या नावाशेजारी माझे नाव लिहिले तेव्हा मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायला जेवढे बोलावे लागते, तेवढे बोलणे मला जमत नाही.

पुण्याहून भोर, आणि भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या एसटीने हिर्डोशी. रस्ता सोडून चढ चढला की गाव लागते, आणि गाव मागे टाकून ओहोळ ओलांडला की आमची वस्ती. त्या चढावर सिमियूची पेटी माझ्या हातात होती आणि मनात सारखे एकच होते : घराचे दार बुटके आहे, हा उंचापुरा माणूस वाकेल का, आणि वाकल्यावर त्याला काय वाटेल. तो वाकला. आत भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे थोडा वेळ पाहत राहिला, आणि मग आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्याने दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शेतावर नेले. उतारावर नाचणीची कणसे मुठी मिटून उभी होती. तो थबकला. "बुलो," असे काहीसे म्हणाला; त्याच्या भाषेत ते नाचणीचे नाव. एक कणीस खुडून त्याने तळहातावर चोळले, फुंकर घालून कोंडा उडवला आणि दाणे तोंडात टाकले. माझे वडील कुंडलिक हे सारे विळा हातात धरून बघत होते.

"ह्यो तर आपल्यातलाच दिसतोय की," ते म्हणाले.

केनियात एल्गॉन नावाच्या मोठ्या डोंगराच्या कुशीत सिमियूचे घर होते. त्याचे वडीलही उतारावर हेच धान्य पिकवत. सिमियू थोरला मुलगा. तो भारतात यायला निघाला तेव्हा ते त्याच्यासोबत मोटारीच्या रस्त्यापर्यंत चालत आले होते, आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत, हात न हलवता, नुसते उभे राहिले होते. हे त्याने मला एकदाच सांगितले. पण तेव्हापासून तो वडिलांविषयी बोलू लागला की मला तो उभा माणूस दिसे.

वस्तीला तो लवकर सरावला. शेजारची पारूबाई तर रोज काही निमित्त काढून येई.

"धोंडाबाई, ह्येला शिडी नगं न् काय नगं. जायच्या आदी माझी कौलं तेवढी चाळून घ्या गं ह्येच्याकडनं," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन रतन, लगीन झालंय का इचार त्येला."

मी विचारले. सिमियू म्हणाला, "वडील बघताहेत. त्यांना जात्यावर नाचणी दळणारी सून हवी."

"मंग तिकडं कशाला हुडिकतोय तुझा बा? आमच्या पोरी काय हात बांधून बसल्यात व्हय?"

मी भाषांतर करीपर्यंत तो हसायला लागला होता. त्याच्या हसण्याने आमचे खळे भरून जाई.

त्यानंतरच्या एका सकाळी मी रॉकेलचा डबा घ्यायला खाली रस्त्यावर गेलो. भोरहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर सर्जेराव तो आणून देत असे. एरवी तो दारातूनच ओरडायचा, "काय पुणेकर, अजून हितंच?" त्या दिवशी तो खाली उतरला. डबा माझ्या पायाशी ठेवला आणि टोपी काढली.

"रतन, त्यो आफ्रिकेचा पाव्हना तुमच्यातच हाय न्हवं?"

"आमच्याकडेच आहे."

"भोरात कंट्रोलरला पुण्याहून तुमच्या मास्तरांचा फोन आल्ता. त्येचा बा वारला. हॉस्टेलवर तार आलीया. मातीबी झाली म्हनं तिकडं." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "त्येला सांगा न् जपून घिऊन या, आसं म्हनले."

मी मान हलवली. सर्जेराव 'येतो' म्हणाला नाही. मरणाचा निरोप आणणारा तसे म्हणत नाही. त्याने घंटीची दोरी ओढली आणि गाडी घाटाकडे गेली.

त्या चढावर मी अनेक वाक्ये तयार केली. इंग्रजीत करून पाहिली, मराठीत करून पाहिली. वस्ती दिसू लागली तेव्हा त्यांतले एकही उरले नव्हते. खळ्यावर सिमियू आणि वडील समोरासमोर बसून नाचणीची कणसे बडवत होते. मला पाहून सिमियूने काठी उंच धरली. मी रॉकेलचा डबा उंच धरला आणि सरळ घरात गेलो.

आई चुलीपाशी होती. तिला सांगितले. तिच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

"आरं माज्या लेकरा," ती हळूच म्हणाली, मला नव्हे. मग डोळे पुसून विचारले, "जेवलाय का त्यो?"

"नाही."

"मंग आदी जेवू दे. दोन घास जाऊ दे पोटात. कळल्यावर अन्न गिळतंय व्हय कुनाला?"

आमच्याकडे असेच करतात. आईचा भाऊ गेला तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूस ओट्यावर गप्प बसून राहिला होता, आणि पारूबाईने आधी आईला जेवू घातले होते. ते जेवण आई अजून विसरलेली नाही. त्यानंतरचे उपाशी दिवस आपण त्या भाकरीवर काढले, असे ती सांगते. तिच्या मनात दुसरे काही येणे शक्यच नव्हते. आणि मला तर सांगण्याची वेळ पुढे गेली, एवढेच कळले.

सिमियू हातपाय धुऊन आला. आईने त्याला नाचणीची गरम भाकरी वाढली, पावट्याची आमटी वाढली, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तो खुशीत होता.

"तुझ्या आईची भाकरी वडिलांना दाखवली पाहिजे," तो मला म्हणाला. "ते म्हणतात, हे धान्य शिजवून ढवळावे, नाहीतर त्याची दारू करावी. थापून भाजणारे लोक जगात आहेत म्हटले तर विश्वास ठेवायचे नाहीत."

"काय म्हनतोय?" वडिलांनी विचारले. त्यांना अजून काही ठाऊक नव्हते. मी सांगितले.

"दारू व्हय!" वडील मोठ्याने हसले. "म्हनावं, त्येंनाच घिऊन ये एकडाव. खळ्यावरच बसू."

मी हेही भाषांतर केले. सिमियूने मान डोलावली. आणखी एक भाकरी मागितली. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने मागे न वळताच ती दिली.

तो हात धुऊन ओट्यावर आला तेव्हा मी सांगितले. एकही तयार वाक्य उपयोगी पडले नाही. "सिमियू, तुझे वडील गेले. वसतिगृहावर तार आली आहे. तिकडे मातीही झाली." एवढेच.

त्याचे हात ओले होते. ते त्याने पुसले नाहीत.

"तुला केव्हा कळले?"

"सकाळी. एसटी आली तेव्हा."

"म्हणजे मी जेवत होतो तेव्हा तुला माहीत होते." तो हे शांतपणे म्हणाला. "तुझ्या आईला?"

मी मान हलवली.

"माझ्या घरी बाप गेलेल्या मुलाला कोणी वाढत नाही. तो स्वतः मागेल तेव्हाच. जेवू घालतात ते परक्याला. कारण परक्याचे कोणी मेलेले नसते." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही मला हसू दिलेत, रतन. त्यांचे नाव घेऊन हसू दिलेत."

हे असे का केले, ते मी सांगू लागलो; पण त्याने हात वर केला.

"उद्याच्या गाडीने मी जातो. वसतिगृहात खोलीचे दार लावून बसेन. तिथे निदान कोणी माझ्यापुढे ताट ठेवणार नाही."

तो उठून खळ्याच्या कडेला, काडाच्या ढिगापाशी, पाठ फिरवून बसला. मी घरात जाऊन वडिलांना सांगितले. भाषा कळत नसली तरी आईला सारे कळले होते. थोरल्या मुलाने बापाचे दुःख परक्या शहरात, बंद दाराआड, एकट्याने काढायचे; आणि तसे ते व्हायला आमच्या घरातली भाकरी कारण व्हायची. ती तशीच भिंतीला टेकून बसून राहिली.

ऊन कलले. वस्तीतल्या घरांवर चुलींचा धूर दिसू लागला. आईने पाण्याचा तांब्या उचलला आणि आमच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतला. राख फसफसून वर उडाली.

"ह्ये काय केलंस?" वडील दारातून म्हणाले.

"मयत झालंय. चूल कशी पेटंल?"

"आगं, आपून दीक्षा घेतली तवाच सोडलं न्हवं का ह्ये समदं? सुतक न्हाई, पिंड न्हाई. माजा बा गेला तवा म्या डोकंसुदिक केलं न्हाई."

"देवाधर्माचं सोडलं तुमी. मानसाचं कवा सोडलं?" आई म्हणाली. "त्यो हितं ऱ्हातोय, हितं निजतोय. त्येचा बा गेला, मंग ह्या घरात मयत न्हाई झालं तर कुठं झालं?"

वडिलांनी जाऊन दुःखवट्याला येणाऱ्यांसाठी ओट्यावर घोंगडी अंथरली.

धूर दिसला नाही म्हणून पारूबाई आली. दारातच आईने तिला सांगितले. ती दोन्ही हात तोंडावर धरून खळ्याकडे बघत राहिली आणि परतली. दिवस मावळायच्या आत ती आली ती टोपलीत भाकरी आणि पिठले घेऊन. तिच्यामागे बाळाबाई आली, मग रखमाजीची बायको. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारची घरे अन्न आणतात, आणि दुःखवट्याचा पहिला घास त्या घरातल्या मुलाने घ्यायचा असतो. त्याला कडू घास म्हणतात. बायकांनी टोपल्या ओट्यावर ठेवल्या आणि त्या सिमियूपासून थोड्या अंतरावर, मातीत, गप्प बसल्या.

त्याने मला खुणेने बोलावले. "या इथे का बसल्या आहेत?"

मी सांगितले. चुलीचे सांगितले, टोपल्यांचे सांगितले.

"पण तुमच्या घरातले कोणी गेलेले नाही."

"आईच्या मते गेले आहे."

तो विझल्या घराकडे पाहू लागला. "आणि ते अन्न?"

"तू घास घेतलास की आई घेईल. मग वडील, मग मी. पण तुला कोणी वाढणार नाही. तू मागेपर्यंत ते तसेच राहील." माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लांब बोलणे असावे.

बायका अंधार पडायच्या सुमारास उठून गेल्या. टोपल्यांवर आईने धुतलेले फडके झाकले, आणि आम्ही सारे तसेच उपाशी निजलो.

सकाळी सिमियूची पेटी ओट्यावर बांधून ठेवलेली दिसली. तो माझ्या वडिलांपाशी उभा होता आणि बोटे केसांतून फिरवून काही दाखवत होता. मला पाहताच म्हणाला, "वडील गेले की आमच्याकडे मुलगा डोके भादरतो. त्याचा दिवस टळून गेला. पण निघण्याआधी तेवढे करायचे आहे. गावात न्हावी असेल ना?"

"आहे. पण तो आमच्या वस्तीत येत नाही."

"का?"

मी सांगितले. दोन वाक्यांत सांगून झाले. ते तसे सांगता येते याचे मलाच नवल वाटले. त्याने विचारले, "मग तुमचे केस?"

"आम्ही एकमेकांचे कापतो."

वडिलांना त्याला काय हवे ते कळले होते. स्वतःच्या बापासाठी ज्यांनी डोके केले नव्हते, ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा घेऊन आले. ओहोळाच्या काठी सिमियू दगडावर बसला. वडिलांनी ओंजळीने त्याच्या डोक्यावर पाणी घातले, वस्तरा दगडावर परजला.

"मान खाली घाल, लेका."

हे मी भाषांतर केले नाही. त्याने मान खाली घातली. दाट काळे केस पाण्यात पडून वाहू लागले. काही वेळाने त्याचे खांदे हलू लागले, आणि मग तो मोठ्याने, मोकळ्या आवाजात रडला. वडिलांनी वस्तरा दूर धरला, दुसरा हात त्याच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्यावर ठेवला आणि थांबले. रडणे ओसरेपर्यंत थांबले. मग पुन्हा हळूहळू वस्तरा चालू लागला.

खालून एसटीचा भोंगा ऐकू आला. मी पेटीकडे पाहिले. सिमियूही पाहत होता. पण दगडावरून उठला नाही.

"समारोपाच्या सभेत तू एकटाच बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"मी का आलो नाही ते सांग."

गाडीचा आवाज वळणावळणाने खाली उतरत गेला आणि ऐकू येईनासा झाला. आम्ही घरी आलो. सिमियू बुटक्या दारातून वाकून आत शिरला आणि विझल्या चुलीजवळ मांडी घालून बसला. डोक्यावरचे पाणी त्याच्या मानेवरून ओघळत होते. आई भिंतीशी उभी राहिली. तिने काही विचारले नाही, टोपलीकडे बोटही केले नाही.

त्याने तिच्याकडे पाहून हात पुढे केला.

आईने फडके काढले. भाकरी कडक झाली होती, पिठल्यावर साय धरली होती. त्याने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला. त्याच्या घशातून तो घास खाली उतरताना मी पाहिला. मग आई खाली बसली आणि त्याच भाकरीचा एक तुकडा तिने स्वतःसाठी मोडला.